शिमनच्या रात्री, दिह्वाची दुपार

तिकिटं काढून देणाऱ्या मुलीनं फोनवर विचारलं, "काकू, तिसरे पॅसेंजर तुमचे कोण लागतात?"

मी म्हणाले, "मुलाचा मित्र."

फोन ठेवला, पण ते दोन शब्द दिवसभर घशाशी अडकून राहिले. हा "मित्र" गेली सात वर्षं माझ्या मुलाबरोबर राहतो. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी तीन रात्री तो माझ्या उशाशी बसला होता. पुण्यात तो पशुवैद्य आहे, मूळचा लातूरकडचा. त्याचं नाव इथं लिहीत नाही, कारण त्याच्या घरचं दार त्याच्यासाठी अजून बंद आहे. घरात आम्ही त्याला डॉक्टर म्हणतो, तेच इथंही म्हणेन.

मी साताऱ्याची, निवृत्त शिक्षिका. 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयानं समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारा 377 कलमाचा भाग काढून टाकला. त्याच महिन्यात, गणपतीत, मोदकांची उकड काढताना मुलानं मला सगळं सांगितलं. मला सावरायला वर्ष लागलं. ते वर्ष त्याला एकट्याला काढावं लागलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

समलिंगी विवाहाला कायद्यानं मान्यता देणारा आशियातला पहिला देश म्हणजे तैवान. त्याची राजधानी तैपेई पाहायची हे दोघांचं जुनं ठरलेलं. या वेळी दोघं म्हणाले, तूही चल. तिथली प्राइड परेड, म्हणजे समलिंगी लोकांची अभिमानाची मिरवणूक, ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी निघते, पण मुलगा म्हणाला, "आई, परेडला नको. एक दिवस लाखभर माणसं रस्त्यावर येतात, ते छानच आहे. पण मला तिथला साधा आठवडा बघायचाय." म्हणून आम्ही मार्च निवडला. तैवानच्या व्हिसाचं काम बघणारं कार्यालय 2024 पासून मुंबईतही आहे, त्यामुळे दिल्लीकडे डोळे लावून बसावं लागलं नाही.

पहिला दिवस, बुधवार

मुंबईहून बँकॉक, तिथून ताओयुआन. विमानतळावरून मेट्रोची जलद गाडी चाळीस मिनिटांच्या आत तैपेईच्या मुख्य स्थानकात आणते. तिथंच ईझीकार्ड घेतलं. मेट्रो, बस, कोपऱ्यावरचं दुकान, सगळीकडे तेच एक कार्ड चालतं. मेट्रोत काही खायचं-प्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही, दंड मोठा आहे. ज्येष्ठांच्या जागा निळ्या रंगाच्या असतात, आणि गाडी भरलेली असली तरी तरुण मुलं त्या रिकाम्या ठेवून उभी राहतात.

हॉटेल शिमन स्थानकाजवळ घेतलं होतं. काउंटरवरच्या मुलीनं तिघांचे पासपोर्ट घेतले, दोन चाव्या ठेवल्या. एक माझी, एक त्या दोघांची. त्यांच्या खोलीत एकच मोठा पलंग आहे हे तिनं पडद्यावर दाखवलं, "ठीक?" म्हणून विचारलं, मुलगा "ठीक" म्हणाला. झालं.

हे इतकं साधं का लिहिते आहे ते सांगते. तीन वर्षांपूर्वी आम्ही तिघं कोकणात गेलो होतो. तिथल्या लॉजवाल्यानं याच पलंगावरून दोघांना काउंटरवर अर्धा तास उभं ठेवलं, कोण, कुठले, लग्न झालंय का, सगळं माझ्यासमोर विचारलं. शेवटी डॉक्टर म्हणाला, "काकू, मी तुमच्या खोलीत खाली गादी घालतो." तो खरंच चार दिवस खाली झोपला. तैपेईतल्या त्या चावीचा आवाज मला अजून आठवतो.

संध्याकाळी थकवा होता. कोपऱ्यावरच्या शाकाहारी खानावळीत जेवलो आणि झोपलो. शाकाहाऱ्यांसाठी एवढंच: दुकानावर 素 हे अक्षर दिसलं की निर्धास्त आत जावं. ताटात हवं ते वाढून घ्यायचं, वजनावर पैसे. इथलं बौद्ध पद्धतीचं शाकाहारी जेवण कांदा-लसणाशिवाय असतं, त्यामुळे चातुर्मास पाळणारीचीसुद्धा अडचण होणार नाही.

दुसरा दिवस, गुरुवार

सकाळी पाऊस. आपल्यासारखा कोसळणारा नाही, नुसती भुरभुर. पण दिवसभर थांबत नाही. प्रत्येक दुकानाच्या दाराशी छत्र्यांसाठी स्टँड.

शिमन स्थानकाच्या सहा नंबरच्या दारातून वर आलं की पायाखाली सहा रंगांचे पट्टे लागतात. 2019 मध्ये, लग्नाचा कायदा झाला त्या वर्षी, नगरपालिकेनं ते रस्त्यावर रंगवून घेतले. मोठ्या अक्षरात शहराचं नाव लिहिलंय. पर्यटक तिथं फोटो काढतात, आम्हीही काढला. मी मात्र बराच वेळ बाजूला उभी राहून येणारे-जाणारे बघत होते. दप्तरवाली पोरं, भाजीची गाडी ढकलणारी बाई, कचेरीत निघालेले लोक, कुणी खाली बघतसुद्धा नव्हतं. पट्टे बऱ्यापैकी झिजलेले होते. मला ते झिजणं आवडलं.

तिथून चालत 228 शांती उद्यानात गेलो. बाग 1908 सालची, जपानी अमलातली. पूर्वी तिला "नवी बाग" म्हणत. 28 फेब्रुवारी 1947 नंतर झालेल्या हत्याकांडाच्या स्मरणार्थ 1996 मध्ये तिचं नाव बदललं. पण शहरातल्या वयस्क समलिंगी पुरुषांच्या मनात तिला वेगळी जागा आहे. तैवानमध्ये 1949 ते 1987 लष्करी कायदा होता. त्या काळात उघडपणे भेटण्याच्या जागा फारशा नव्हत्या, मोबाइल नव्हते. काळोख पडल्यावर आपल्यासारखं कुणी भेटेल अशी हीच जागा, आणि पोलिसांची भीतीही इथंच. तळ्याकाठी कमळं होती, एक म्हातारे गृहस्थ खारींना दाणे घालत होते. डॉक्टर म्हणाला, "काकू, आमच्या जिल्ह्याच्या गावाला एसटी स्टँडमागं अशीच एक जागा होती." मी पुढं काही विचारलं नाही. त्यानं ते मला सांगितलं, हेच मला फार मोठं वाटलं.

बागेपासून कायदेमंडळाची इमारत लांब नाही. फाटकाबाहेर उभी राहून मी मुलाकडून सगळा क्रम नीट समजून घेतला, शिक्षकी सवय. ची च्या-वेइ नावाचा माणूस 1986 मध्ये, लष्करी कायद्याच्या काळात, पत्रकारांना बोलावून सांगतो की मी समलिंगी आहे. त्याच वर्षी तो तुरुंगात पाचएक महिने काढतो. लग्नाचा हक्क मागत तो तीस वर्षं अर्ज-अपिलं करत राहतो. 24 मे 2017 रोजी घटनात्मक न्यायालय त्याच्या बाजूनं निकाल देतं आणि सरकारला दोन वर्षांची मुदत देतं. मध्येच नोव्हेंबर 2018 मध्ये सार्वमत होतं, त्यात सत्तर टक्क्यांहून जास्त लोक "लग्न म्हणजे स्त्री-पुरुषाचंच" या बाजूला कौल देतात. तरी न्यायालयाचा निकाल उभा राहतो. 17 मे 2019 ला भर पावसात हजारो लोक याच फाटकाबाहेर थांबलेले असताना आत कायदा संमत होतो, आणि 24 मे रोजी पहिल्याच दिवशी पाचशेहून जास्त जोडपी नोंदणी करतात.

ते सार्वमत मला विसरता येत नाही. म्हणजे इथंही दहातली सात माणसं राजी नव्हती. आपल्याकडे लोक म्हणतात, समाज तयार नाही. इथला तरी कुठं होता?

17 ऑक्टोबर 2023. घटस्थापनेनंतरचा दुसरा दिवस होता. आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मी टीव्हीसमोर बसून ऐकला होता. लग्नाचा हक्क न्यायालयानं मान्य केला नाही, प्रश्न संसदेवर सोडला. त्या दिवशी दोघंही कामावर गेले होते. संध्याकाळी आले, नेहमीसारखं जेवले, डॉक्टरनं भांडी घासली. कुणी विषय काढला नाही. तैपेईत त्या ओल्या फुटपाथवर मुलगा पहिल्यांदा म्हणाला, "आई, त्या दिवशी मी गाडीत अर्धा तास नुसता बसलो होतो."

रात्री रेड हाउस. हिच्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण या शहरातली समलिंगी रात्र बहुतेकांना इथंच पहिल्यांदा भेटते.

लाल विटांची आठ कोनांची इमारत, 1908 मध्ये बाजारपेठ म्हणून बांधलेली, वास्तुकार कोंदो जुरो. मागं क्रॉसच्या आकाराची लांब इमारत. बाजार गेला, मग नाटकं आली, मग सिनेमा, मग पडझड. नवं रूप मिळाल्यावर या शतकाच्या पहिल्या दशकात मागच्या चौकात एकेक बार उघडत गेला, आणि आता दोन मजल्यांवर लहान-लहान दुकानांसारखे बार ओळीनं लागलेत. खुर्च्या-टेबलं उघड्यावर, वर छत्र्या आणि दिव्यांच्या माळा.

मी "बार" म्हटल्यावर अंधार, धूर, जिना उतरून जायचं असं काहीतरी धरून चालले होते. हा तर चक्क चौक होता. आपल्याकडे देवळाबाहेर संध्याकाळी पारावर माणसं बसतात तसा. कुणी दोघं एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून मोबाइल बघताहेत, कुणी कचेरीतला ग्रुप, दोन मुली वाढदिवसाचा केक कापताहेत. चौकातून येणारं-जाणारं कुटुंब लहान मुलाला हाताला धरून पलीकडच्या दुकानात निघालंय. मी लिंबाचं गरम पाणी मागितलं, वेटर मुलगा मध घालून घेऊन आला आणि पावसाचा शिडकावा येतोय म्हणून माझी खुर्ची त्यानं स्वतः आत सरकवली.

शेजारच्या टेबलावर माझ्याच वयाचे एक गृहस्थ एकटे बसले होते. थोडं इंग्रजी, थोडं मोबाइलवरचं भाषांतर, असं आमचं बोलणं झालं. त्यांनी विचारलं, "दोन्ही मुलं तुमची?" मी म्हणाले, "एक माझा. दुसरा…" आणि थांबले. इंग्रजीत शब्द होते, पण मला माझ्या भाषेतला हवा होता. ते हसले आणि म्हणाले, "तोंगझी." मुलानं समजावलं, या शब्दाचा मूळ अर्थ कॉम्रेड, एकाच ध्येयाचा साथी. चिनी भाषेत समलिंगी लोकांनी तो आपल्यासाठी घेतला. राजकारणातला कोरडा शब्द उचलून त्यांनी त्याला मायेचा केला. मला हेवा वाटला. आपल्या भाषेत या पोरांसाठी ज्या शिव्या आहेत त्या मला सगळ्या ठाऊक आहेत, वर्गातल्या पोरांच्या तोंडून ऐकल्यात. मायेचा शब्द कुणी केला नाही.

त्या गृहस्थांनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांचा जोडीदार आणि ते 2019 मध्येच नोंदणी करून आले, पण जोडीदाराच्या आईला ते कधीच कळलं नाही. ती गेली. तिच्या शेवटच्या कार्यात हे मागच्या रांगेत उभे होते. म्हणजे कायदा झाला तरी सगळी दारं उघडतात असं नाही.

तिसरा दिवस, शुक्रवार

दुपारी नारिंगी मार्गानं डिंगशी स्थानकाला उतरलो आणि योंगह भागात गल्लीबोळांतून ससा-देवाचं देऊळ शोधत गेलो. दारात रिक्षा नाहीत, फुलवाले नाहीत. घरगल्लीतली साधी इमारत. 2006 मध्ये लु वेइ-मिंग या ताओ पंथाच्या पुजाऱ्यानं हे देऊळ समलिंगी भक्तांसाठी उभं केलं.

गोष्ट अशी. चीनच्या फूच्येन प्रांतात हू तिएनपाओ नावाचा एक माणूस होता. नव्यानं आलेल्या देखण्या अधिकाऱ्यावर त्याचा जीव जडला. त्याला चोरून बघताना तो पकडला गेला, प्रेम कबूल केलं, आणि अधिकाऱ्यानं त्याला मारहाण करून ठार करवलं. पुढं तो गावातल्या एकाच्या स्वप्नात आला. म्हणाला, माझा गुन्हा प्रेमाचा होता, म्हणून पाताळातल्या अधिकाऱ्यांनी मला पुरुषांवर प्रेम करणाऱ्या पुरुषांचा देव नेमलंय. अठराव्या शतकात ही कथा लिहून ठेवली गेली. "ससा" हा त्या काळी अशा पुरुषांना हिणवण्याचा शब्द होता, म्हणून भक्त देवाला ससा म्हणत नाहीत, "दाये" म्हणतात, म्हणजे मालक, थोरले. आपण खंडोबाला मल्हारी मार्तंड म्हणतो, तसा मान.

ज्याला मारून टाकलं त्यालाच देव करायचं, हे आपल्याला नवं नाही. आपल्याकडेही गावाच्या वेशीवर अन्यायानं मेलेल्यांची ठाणी असतात, नैवेद्य चढतो. मी चप्पल काढून हात जोडले. उदबत्तीचा वास आपल्याच उदबत्तीसारखा होता.

इथं कागदावर नाव, पत्ता, जन्मतारीख आणि मागणं लिहून देवापुढं ठेवतात. माझ्या मुलाचं दोन मिनिटांत झालं. डॉक्टर मात्र कोपऱ्यातल्या स्टुलावर बराच वेळ वाकून लिहीत होता. मराठीत लिहीत होता, एवढं मला लांबून दिसलं. देव प्रेमाच्या बाबतीतला. लातूरच्या त्या बंद दाराचं प्रकरण त्याच्या खात्यात येतं का, कोण जाणे. मी काय मागितलं तेही सांगणार नाही.

रात्री पुन्हा रेड हाउसच्या चौकात, एका बारमध्ये ड्रॅगचा कार्यक्रम होता. ड्रॅग म्हणजे पुरुष कलाकार स्त्रीचा थाटमाट करून गातात, नाचतात, प्रेक्षकांशी बोलतात. तैवानमध्ये सध्या ही कला भरात आहे. इथल्या निम्फिया विंड या कलाकारानं एप्रिल 2024 मध्ये अमेरिकेतली मोठी टीव्ही स्पर्धा जिंकली, आणि पुढच्याच महिन्यात पायउतार होण्याआधी राष्ट्राध्यक्ष त्साय इंग-वेन यांनी तिला राष्ट्रपती भवनात कार्यक्रमाला बोलावलं. राष्ट्रपती भवनात!

मला या कलेत परकं काही वाटलं नाही. माझे आजेसासरे बालगंधर्वांचं नाटक बघायला साताऱ्याहून पुण्याला जायचे. नारायणराव राजहंस शालू नेसून रंगमंचावर आले की घरंदाज बायका त्यांच्या पदराची ढब बघून घरी तसा पदर घ्यायच्या, असं सासूबाई सांगत. इकडे तैवानच्या लोकनाट्यात उलट, बायका पुरुषांची कामं करतात. मिंग ह्वा युआन मंडळीतल्या सुन त्सुइ-फंग या बाई राजा आणि योद्धा म्हणून देशभर गाजल्या. स्त्री-पुरुषांच्या या अदलाबदलीला ज्या रसिकांनी एवढा जीव लावला, त्यांच्याच नातवंडांनी घरातल्या पोराला दाराबाहेर काढावं, हे कोडं मला सुटत नाही.

त्या रात्रीचा कलाकार लाल घागऱ्यात आला. घागऱ्यावर तळहाताहून मोठी पिऑनीची फुलं, गुलाबी, पांढरी, हिरव्या पानांसकट. गाणं जुनं होतं, तैवानी बोलीतलं. शब्द कळले नाहीत, पण दुसऱ्या कडव्याला शेजारच्या टेबलावरच्या दोघी मोठ्यानं गाऊ लागल्या आणि मग सगळा बार गाऊ लागला. कलाकार गाता गाता टेबलांमधून फिरत माझ्यासमोर आला. मी सगळ्यांत वयस्कर होते. त्यानं माझा हात हातात घेऊन कपाळाला लावला. मी काय करणार? मी त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली, जशी आपण आपल्या लेकराची दृष्ट काढतो. क्षणभर सगळे गप्प झाले आणि मग एवढ्या टाळ्या वाजल्या. कार्यक्रम संपल्यावर तो मुद्दाम येऊन विचारून गेला की त्या खुणेचा अर्थ काय. मुलानं सांगितल्यावर त्याचे डोळे भरले. घागऱ्याचं कापड कुठलं, ते मी विचारून घेतलं. दिह्वा रस्त्यावरचा योंगले बाजार, दुसरा मजला.

त्यानंतर दोघांना शहराच्या पूर्व भागातल्या एका क्लबात जायचं होतं. मी म्हटलं, दारापर्यंत येते, आतही बघते. तळघरात होता. दारावर वय तपासायला पासपोर्ट बघितले, इथं मद्य प्यायला अठरा वर्षं पुरी लागतात. मनगटावर शिक्का मारला. प्रवेशाच्या पैशांतच पेय येतं. आत संगीताचा ठोका छातीत वाजत होता आणि माणसं खांद्याला खांदा लावून नाचत होती. मी भिंतीशी एका उंच स्टुलावर बसले. वीस मिनिटं असेन. त्या वीस मिनिटांत माझा मुलगा नाचताना मी पहिल्यांदा बघितला. गणपतीच्या मिरवणुकीतही तो कडेनं चालतो, हात खिशात. माझी अशी समजूत होती की तो मुळातच अबोल, संकोची. इथं त्याचे हात वर होते, डोळे मिटलेले होते. चौतीस वर्षांचा मुलगा, आणि त्याचा स्वभावच मला नीट माहीत नव्हता. डॉक्टरला नाचता येत नाही. तो नुसता त्याच्यासमोर उभा राहून हसत होता.

मी खूण करून निघाले. दोघं सोडायला येत होते, मी हातानंच नको म्हटलं. मेट्रो मध्यरात्रीपर्यंत असते. फलाटावर रात्रीच्या प्रवाशांसाठी कॅमेऱ्याच्या नजरेत आखलेली जागा असते, तिथं मी एकटी उभी राहिले. परक्या देशात, रात्री पावणेबाराला, त्रेसष्टाव्या वर्षी. मला जरासुद्धा भीती वाटली नाही. शिमनला उतरून चालत खोलीवर आले.

पहाटे साडेचारला दार वाजलं. दोघं पिशवीत गरम सोयाचं दूध आणि तळलेल्या लांब कांड्या घेऊन उभे. इथं अशी न्याहारीची दुकानं रात्रभर चालू असतात. माझ्या पलंगावर मांडी घालून तिघांनी खाल्लं. कांडी दुधात बुडवायची, आपल्या चहा-खारीसारखी. खाता खाता डॉक्टर म्हणाला, "काकू, तो घागरा बघितला का? आमच्या आईच्या रुखवतात असल्याच लाल कापडाची गोधडी होती. लहानपणी मी तीच घेऊन झोपायचो."

चौथा दिवस, शनिवार

उशिरा उठलो. ऊन पडलं होतं.

दिह्वा रस्ता म्हणजे तैपेईची जुनी पेठ. विटांच्या कमानीखाली दुकानं, दारात पोती. सुके मशरूम, सुकवलेला आंबा, कमळाच्या बिया, चहा, औषधी मुळ्या. रविवार पेठेतल्या गांध्याच्या दुकानात शिरल्यावर येतो तसा वास. याच रस्त्यावर श्या-हाय नावाचं नगरदेवाचं चिमुकलं देऊळ आहे आणि तिथं युए-लाओ, म्हणजे लग्नं जुळवणारे आजोबा. भक्तांना इथून लाल दोरा मिळतो. ज्यांचं लग्न जुळतं ते आभार मानायला लग्नाची बिस्किटं घेऊन परत येतात आणि ती बाकीच्या भक्तांना वाटली जातात. देवळातल्या बाईंनी आम्हालाही दिली. कुणाच्या लग्नाची होती ठाऊक नाही, मी अर्धं खाल्लं, अर्धं रुमालात बांधून घेतलं.

मग योंगले बाजार. दुसऱ्या मजल्यावर कापडाचे ठाणच्या ठाण, गल्लीगल्लीनं. ते पिऑनीचं लाल कापड सगळीकडे होतं. दुकानदारीणबाईंनी हातवारे करून सांगितलं की पूर्वी घराघरात रजईला हेच असायचं, नवरीच्या अंथरुणालासुद्धा. डॉक्टरनं कापड हातात घेतलं, ठेवलं, पुढं गेला, परत आला. शेवटी त्यानं दोन वार कापून घेतलं. घडी घालून माझ्याकडे दिली.

"तुमच्या पिशवीत राहू दे काकू."

"कुणासाठी रे?"

"आईसाठी. पण मी पाठवलं तर ती परत करेल. तुम्ही पाठवाल?"

मी हो म्हणाले. मुलगा दुसरीकडे बघत होता.

रात्री कुठं गेलो नाही. शिमनच्या रस्त्यावर गायला उभ्या राहिलेल्या पोरांचं गाणं ऐकत तिघं फुटपाथच्या कठड्यावर बसलो. येताना मी मध्ये होते. जाताना बघितलं तर ते दोघं पुढं चालले होते, हात धरून, आणि गर्दीत मी सहज मागं राहिले होते. मला पुढं जायची घाई नव्हती.

पाचवा दिवस, रविवार

विमान दुपारचं. तैपेई 101 राहिलं, उकळत्या पाण्याचे झरे राहिले. मला त्याची चुटपुट नाही. एक गोष्ट मात्र विमानतळाच्या गाडीत बसल्यावर मुलाकडून ऐकली आणि ती लिहायलाच हवी.

दक्षिणेत पिंगतुंग जिल्ह्यात ये युंग-चिह नावाचा पंधरा वर्षांचा मुलगा होता. मृदू बोलणारा, स्वयंपाक, विणकाम आवडणारा. शाळेत पोरं त्याला इतकी छळायची की तो मधल्या सुट्टीत शौचालयात जायला घाबरायचा, तास चालू असताना एकटा जायचा. 20 एप्रिल 2000 रोजी तो तिथंच रक्ताच्या थारोळ्यात सापडला आणि वाचला नाही. त्याची आई चेन चुन-जू, शेतकरी बाई, न्यायालयात वर्षानुवर्षं लढली. 2004 मध्ये तैवाननं शाळांसाठी लिंगसमानतेच्या शिक्षणाचा कायदा केला, त्यामागं या मुलाचं मरण होतं. 2010 मध्ये काओशुंग शहरातल्या प्राइड परेडमध्ये ती आई व्यासपीठावर उभी राहून हजारो परक्या लेकरांशी बोलली.

मी चौतीस वर्षं शिकवलं. तास चालू असताना "बाई, जाऊ का" म्हणून बोट वर करणारी मृदू आवाजाची दोन-तीन मुलं मला चेहऱ्यासकट आठवली. एकाला मी रागावले होते, मधल्या सुट्टीत काय करत होतास म्हणून. खिडकीबाहेर भाताची खाचरं पळत होती. मुलानं पाण्याची बाटली पुढं केली, मग गाडीत प्यायचं नाही हे आठवून परत बॅगेत ठेवली.

घरी आल्यावर

कापड आठवडाभर देवघराखालच्या फडताळात होतं. पाडव्याची गुढी उभारली, उतरवली. मग एक दिवस मी ते बाहेर काढलं, वर नारळ ठेवला, हळदकुंकवाच्या पुड्या ठेवल्या, रुमालातलं ते अर्धं बिस्किट कागदात गुंडाळून ठेवलं. चिठ्ठी लिहायला बसले. जुन्या पद्धतीनं आधी मायना. त्या बाईंना मी कधी पाहिलेलं नाही, त्यांचं नाव मला ठाऊक आहे, पण नुसत्या नावानं लिहिणं बरं दिसेना. मायन्याची जागा कोरी ठेवून खाली सगळा मजकूर लिहिला. तुमचा मुलगा बरा आहे. जेवतो व्यवस्थित. त्याच्या दवाखान्यात जनावरं रडत नाहीत. हे कापड त्यानं स्वतः निवडलंय. तुमच्या रुखवतातली गोधडी त्याला अजून आठवते.

डॉक्टर संध्याकाळी आला, तोवर मायना लिहून झाला होता. "ती. विहीणबाई यांस सप्रेम नमस्कार."

त्यानं उभ्या उभ्या चिठ्ठी वाचली. पहिल्या ओळीवर थांबला. मग घडी घालून पाकिटात ठेवली, आणि खोक्याला चिकटपट्टी लावताना म्हणाला, "पिनकोड मी सांगतो, लिहा."

सोमवारी पोस्टात टाकून आले.